दुसरी फेरी

आईचा हात मी भिंतीवरून ओढून काढला, ते दिवाळीपासून माझ्या मनातून जात नाही. चुलीकडे झेपावणाऱ्या पोराला ओढतात तसं मनगट धरून ओढला, आणि वर म्हणाले, "आधी साबणाने हात धू." आई माझ्याकडे बघत राहिली. तिचं वय शहात्तर. तिने मला आयुष्यात हजारदा हात धुवायला पिटाळलं असेल. उलट मी तिला सांगायची ही पहिलीच वेळ. बोलली काही नाही. मोरीवर गेली, हात धुतले, पदराला पुसले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. गवंडी आणि त्याची माणसं तिथेच उभी होती, भाऊ उभा होता, आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

गावाकडचं जुनं घर या वर्षी पाडायला काढलं होतं. अकोले तालुक्यात, प्रवरेच्या खोऱ्यात आमचं गाव. पावसाळ्याचे चार महिने मातीच्या भिंती पाणी पीत राहतात. दरवर्षी कुठला तरी कोपरा खचायचा आणि लिंपून लिंपून भाऊ थकला होता. सामान हलवताना शेवटी राहिलं ते पडवीतलं सागवानी कपाट. मी चौथीत असताना ते आलं आणि जिथे ठेवलं तिथून कधी हललं नव्हतं. चौघांनी मिळून ते पुढे ओढलं, तर मागे कपाटाच्या मापाचा भिंतीचा तुकडा तसाच राहिलेला. बाकीच्या पडवीने चुना पाहिला, निळा डिस्टेंपर पाहिला, भावाच्या लग्नातला पिवळा ऑइलपेंट पाहिला. या तुकड्यावर जुन्या पांढऱ्या मातीचा हात होता आणि त्यावर गेरूने लिहिलेलं: डीडीटी, फेरी २ री, १४-९-७५. 'ड'ची शेपटी लांब खाली ओढलेली, पुढच्या अक्षराच्या पायाशी गेलेली.

"ह्यांचं अक्षर," आई म्हणाली, आणि तळहात टेकवला.

अण्णांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली. त्यांच्या हातचं लिहिलेलं घरात फारसं उरलेलं नाही. एका जुन्या पंचांगाच्या पाठीवर मांडलेला उसनवारीचा हिशेब आहे, दोनचार कागदांवर सह्या आहेत, बस. आईने त्या अक्षरावर हात ठेवला यात वावगं काय होतं? 'ड'च्या शेपटीवरून बोट फिरवत ती खाली आली आणि बोटाला पांढरी भुकटी लागली. मला त्या क्षणी ना अक्षर दिसलं, ना आईचा चेहरा. फक्त ती भुकटी दिसली. प्रयोगशाळेत याच पदार्थाचा कणभर माल मी हातमोजे घालून, काचेच्या पडद्याआड, श्वास धरून हाताळते. पन्नास वर्षांनी त्या मातीत किती उरलं असेल, उरलं तरी असेल का, हा विचार नंतर आला. हात आधी गेला.

अण्णा मलेरिया खात्यात सीझनवर होते. फवारणीवाले असं त्यांना कुणी म्हणत नसे, 'डीडीटीवाले' म्हणत. पाच गडी आणि त्यांच्यावर एक वरिष्ठ, असं सहा जणांचं पथक. बादलीत दहा लिटर पाणी घ्यायचं, त्यात किलोभर पावडर टाकायची, काठीने ढवळायची, फडक्यातून गाळायची. एक गडी पंपावर पाय रोवून दांडा वरखाली करत राहणार, दुसरा लांब नळी धरून भिंतीवर वरून खाली, खालून वर असे पट्टे ओढत जाणार. अण्णा नळीवर असत. त्यांचे पट्टे सारखे पडत, एकावर एक चढत नसत, याचा त्यांना अभिमान होता. गावातली माणसं शेतातल्या नांगरटीचं कौतुक करतात तसं वरिष्ठ त्यांच्या फवारणीचं करायचे. काम झालं की दाराशेजारी गेरूने तारीख आणि फेरी लिहायची. वर्षातून दोन फेऱ्या. अक्षर चांगलं म्हणून लिहिण्याचं कामही त्यांच्याकडेच.

फवारणीच्या दिवशी आमच्या घराची आतली बाजू बाहेर यायची. हंडे, कळश्या, पाटावरवंटा, गोधड्या, कणगीवरची सुपं, सगळं अंगणात. त्या ढिगाऱ्यावर बसून राहण्यात मला फार मजा वाटायची, कारण एरवी हात लावू न देणाऱ्या वस्तू त्या दिवशी उघड्यावर असत. आजी देवघर आणि स्वयंपाकघर फवारू द्यायची नाही. अण्णा स्वतःच्या आईची समजूत घालायचे, पथकातले बाकीचे हसू दाबायचे. शेवटी स्वयंपाकघराच्या वरच्या अर्ध्या भिंतीवर तडजोड व्हायची. भिंती वाळल्या की सगळीकडे पांढुरका थर. त्याला ओल्या चुन्यासारखा, जरासा गोडूस वास. तो वास मला अजूनही आवडतो, हे लिहिताना मला संकोच होतोय, पण खरं तेच आहे. मग आठ दिवसांनी सण आला की बायका शेणमातीने भिंती सारवून टाकत आणि अण्णा डोक्याला हात लावत. "अडीच महिने तरी थांबा गं," ते घरोघर सांगत फिरायचे. आईसुद्धा त्यांच्या पाठीमागे एखादी भिंत सारवायचीच.

संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. दंडावरचे केस पांढरे, पापण्यांच्या कडा पांढऱ्या. आंघोळीचं पाणी तापेपर्यंत ते ओसरीवर बसत आणि मी त्यांच्या मांडीवर. त्यांच्या हातावरच्या पावडरीत मी बोटाने माझं नाव लिहायचे. पहिलीत होते, नवीन नवीन अक्षरं यायला लागली होती. त्यांनी हात हलवायचा नाही असा नियम होता. नाव पूर्ण होईपर्यंत ते हात तसाच धरून बसत.

मलेरियाचं आमच्याकडे नाव हिवताप. आजीची दोन मुलं त्यात गेली, एक चार वर्षांचा आणि एक अंगावर पिणारा. ती त्यांची नावं घ्यायची नाही, 'मोठा' आणि 'तान्हा' म्हणायची. त्या काळात देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाखांच्या आसपास माणसं मरत, असा १९४७ सालचा अंदाज आहे. १९५३ साली देशभर फवारणी सुरू झाली. १९६५ साली हिवतापाच्या नोंदी लाखभरावर आल्या आणि मृत्यूची नोंद एकही नव्हती. मी हे आकडे पुष्कळदा वाचले आहेत आणि दर वेळी मला त्यात आजीच्या ओटीवरचे ते दोघे दिसतात, आणि त्यांच्यानंतर जगलेले आमच्या वाडीतले सगळे दिसतात. रोगच संपला, असं त्यांना वाटलं असेल तर नवल नाही. पुढे डास सरावले, फवारणी सैल पडली आणि १९७६ साली रोगी पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. पण ती गोष्ट वेगळी. अण्णांनी भिंतीवर ती तारीख लिहिली तेव्हा हिवताप परत येत होता आणि ते त्याला अडवायला गावोगाव चालत जात होते. या माणसाबद्दल मला शरम वाटावी असं काही नाही. कुणी तसं सुचवलं तर मी भांडेन.

आणि तरीही.

अण्णांची धाकटी बहीण, माझी आत्या, तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्या केसात उवा फार. आजी बारीक फणीने विंचरून विंचरून दमली होती. एका संध्याकाळी अण्णांनी खिशातून कागदाची पुडी काढली. बादलीत टाकून उरलेली चमचाभर पावडर होती त्यात. आत्याला अंगणात पाटावर बसवली, तिच्या केसाचे भांग पाडत पाडत मुळाशी ती पावडर चोळली आणि वरून जुन्या धोतराचा फडका बांधला. रात्रभर तशीच झोपली ती. सकाळी फडका सोडला तर त्यात मेलेल्या उवाच उवा. आत्या खुशीने नाचली. त्यानंतर दर सीझनला ती अण्णांच्या मागे लागायची, दादा, माझी पुडी आण. आणि अण्णा आणायचे. भावाने बहिणीसाठी बाजारातून रिबीन आणावी तशी ती पुडी यायची.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम करते. आईला मी पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे विरजण लावतेस का?" मला त्याहून चांगला शब्द आजवर सापडलेला नाही. थोड्या पेशी घ्यायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं, अंगाएवढी ऊब द्यायची, दोनतीन दिवसांनी बशी भरली की त्यातल्या थोड्या दुसऱ्या बशीत मुरवायच्या. आमच्याकडच्या एका पेशीचं नाव एमसीएफ-७. अमेरिकेत मिशिगन राज्यात एक नन होत्या, सिस्टर कॅथरिन फ्रान्सिस. त्यांना स्तनाचा कर्करोग होता. १९७० साली त्या गेल्या. त्यांच्या छातीतून काढलेल्या पाण्यात ज्या पेशी होत्या त्या तिथल्या संशोधकांनी जगवायचा प्रयत्न केला. सातवा प्रयत्न साधला, म्हणून सात. त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. ज्या साली अण्णा भिंतीवर फेरी दुसरी लिहीत होते त्या सालीही त्या कुठल्या तरी बशीत दुणावत होत्याच.

या पेशींचा एक गुण असा की त्या इस्ट्रोजेनची, म्हणजे स्त्रीच्या हार्मोनची हाक ऐकतात. हार्मोन नसेल तर मंदावतात, असेल तर भराभर वाढतात. म्हणून कुठला पदार्थ शरीरात इस्ट्रोजेनचं सोंग घेतो हे पाहायचं असेल तर यांना विचारतात. त्यासाठी आधी सगळी शांतता करावी लागते. पेशींना जे रक्तद्रव खाऊ घालतो त्यात हार्मोन असतात, ते कोळशाच्या भुकटीने शोषून घ्यायचे. पेशींचं पाणी आम्ही नेहमी गुलाबी रंगाचं वापरतो. पण त्या रंगातूनसुद्धा इस्ट्रोजेनसारखी हलकी हाक येते असं १९८६ साली लक्षात आलं, तेव्हापासून अशा कामाला बिनरंगाचं पाणी घेतात. बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात अॅना सोटो आणि कार्लोस सोनेनशाईन यांच्या पेशी तर काहीच न घालता वाढायला लागल्या होत्या. शोधत शोधत ते प्लॅस्टिकच्या नळ्यांपर्यंत पोचले. नळीच्या प्लॅस्टिकमधून झिरपणारं एक रसायन हाक मारत होतं. पुढे याच जोडीने बशीतल्या पेशींवर कीटकनाशकं तपासली आणि १९९४ साली एन्डोसल्फान, डिल्ड्रिन, टॉक्साफिन यांची नावं पुढे आली.

मी पहिल्यांदा हा प्रयोग स्वतःच्या हाताने केला तो दिवस मला नीट आठवतो. लहान लहान खळगे असलेली पारदर्शक बशी. एका ओळीत काहीच नाही, एका ओळीत खरा हार्मोन, बाकीच्या ओळींत डीडीटीचं वेगवेगळं प्रमाण. सहा दिवस बशी उबेत ठेवायची, मग पेशी जागच्या जागी थिजवून गुलाबी रंग द्यायचा आणि सौम्य अॅसिटिक अॅसिडने धुवायची. जितक्या पेशी तितका रंग गडद. रिकामी ओळ फिकट, बाळाच्या नखासारखी. हार्मोनची ओळ डाळिंबासारखी. आणि डीडीटीच्या ओळीत रंग हळूहळू चढत गेलेला, शेवटच्या खळग्यात डाळिंबाच्या पार जवळ. मी ती बशी उजेडाकडे धरून कितीतरी वेळ उभी होते. मला ओसरीवरचा तो पांढरा हात आठवत होता.

डीडीटीची पावडर म्हणजे एकच पदार्थ नसतो. त्यातला पंधराएक टक्के भाग असा आहे की तो इस्ट्रोजेनची नक्कल करतो. आमच्या भागात चकवा लागतो म्हणतात, रात्री ओळखीच्या आवाजात कुणी हाक मारतं आणि माणूस वाट सोडून चालत राहतो. पेशीचं तसंच होतं. हाक ओळखीची वाटते, ती कामाला लागते. आवाज दुबळा असतो, खऱ्या हार्मोनपेक्षा लाखो पटींनी दुबळा. म्हणून कित्येक वर्षं याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पण खरा हार्मोन काम झालं की विरून जातो. हा जात नाही. पावडरीतला जो मोठा वाटा आहे त्याचं शरीरात डीडीई होतं, आणि ते चरबीत जाऊन मुक्काम करतं, वर्षानुवर्षं. डीडीईचा खोडसाळपणा निराळा. १९९५ साली असं दिसलं की ते पुरुषी हार्मोनच्या जागेवर जाऊन बसतं. स्वतः काही बोलत नाही, दारात धरणं धरून बसतं, आणि खरा निरोप्या येतो तेव्हा त्याला आत शिरू देत नाही. हाक मारणारा एक आणि दार अडवणारा एक, दोघेही त्या एकाच बादलीतले.

आत्याला २००९ साली स्तनाचा कर्करोग झाला. सेहेचाळीस वर्षांची होती. मुंबईला उपचार झाले, दीड वर्ष ती झुंजली. पहिल्या दिवशी तिचा फॉर्म मीच भरला होता. पाळी कितव्या वर्षी आली, पहिलं मूल कधी, किती महिने पाजलं, घरात आधी कुणाला होता का. आत्या बाकावर बसून एकेक उत्तर देत होती, मी लिहीत होते. फॉर्म संपला तेव्हा पेन माझ्या हातात तसंच राहिलं. त्या कागदावर पुडीसाठी रकाना नव्हता. डॉक्टरांचा यात काही दोष नाही. असता रकाना तर त्यांनी त्याचं करायचं तरी काय? मी आत्यालाही काही बोलले नाही. मला तेव्हा कॅलिफोर्नियातलं ते काम माहीत होतं आणि ते मी तिच्यापासून लपवलं, असं म्हटलं तरी चालेल.

ते काम असं. ओकलंडमध्ये १९५९ ते १९६७ या काळात हजारो गरोदर बायकांचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं होतं. चाळीसेक वर्षांनी बार्बरा कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून अशा १२९ बायका शोधल्या ज्यांना पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला होता, आणि त्यांच्या जोडीला कर्करोग न झालेल्या तेवढ्याच. सगळ्यांच्या तरुणपणीच्या रक्तातलं डीडीटी मोजलं. अमेरिकेत डीडीटी १९४५ साली सर्रास वापरात आलं. त्या वेळी ज्या चौदा वर्षांच्या आतल्या होत्या आणि ज्यांच्या रक्तात डीडीटी जास्त होतं, त्यांच्यात धोका पाचपट निघाला. जास्त वयाच्या होत्या त्यांच्यात तसा निघाला नाही. त्याआधी मोठमोठ्या पाहण्या झाल्या होत्या, त्यांत अनेकदा काहीच संबंध दिसला नव्हता. कारण रक्त घेतलं होतं पन्नाशीत, साठीत. प्रश्न कितीचा होता तितकाच केव्हाचा होता. मुलीचं शरीर बाईचं होऊ लागतं, छातीतल्या पेशी हाकेला कान देऊन बसलेल्या असतात, त्या दिवसांत कोण हाक मारतं याला फार महत्त्व आहे. हे काम छापून आलं २००७ साली. मी ते कार्यालयात उभ्यानेच वाचलं आणि हिशेब घातला. १९७५ वजा १९६३. बारा.

पण हा हिशेब पुढे सरकत नाही. पाचपट धोका म्हणजे हजारो बायकांच्या गर्दीबद्दलचं वाक्य आहे, त्यातून एका बाईबद्दल काही सांगता येत नाही. आत्याने तंबाखूची मिसरी लावली, चुलीचा धूर खाल्ला, दोन बाळंतपणं घरात काढली. तिची गाठ कशाने झाली हे कुणीही, कधीही सांगू शकणार नाही. बशीतल्या पेशी मला उत्तर देतात, कारण मी त्यांच्याभोवती आधी शांतता केलेली असते. माणसाच्या आयुष्यात ती शांतता कुठून आणायची? अण्णा आत्याच्या आजाराआधी अकरा वर्षं गेले होते. हे बरं झालं असं मला वाटतं, आणि तसं वाटल्याबद्दल लगेच वाईटही वाटतं. ते असते तर मी त्यांना सांगितलं असतं का? नसतं. त्यांनी विचारलं असतं तर? ते विचारणारे होते. माझ्या नोकरीचं त्यांना कौतुक होतं, सूक्ष्मदर्शकातून काय दिसतं ते दोनदोनदा सांगायला लावत.

कॅलिफोर्नियातल्या त्या गोठवलेल्या रक्ताचं काम तिथे थांबलं नाही. २०१५ साली त्याच बायकांच्या मुलींबद्दल लिहून आलं: आईच्या रक्तात नक्कल करणारं डीडीटी ज्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त होतं, त्या मुलींना पन्नाशीपर्यंत कर्करोगाचा धोका जवळपास चौपट. २०२१ साली नातींबद्दल: वजन जास्त, पाळी लवकर. या नातींनी डीडीटीचा डबासुद्धा पाहिलेला नाही. भिंतीवरचं 'फेरी २ री' वाचताना हे सगळं माझ्या डोक्यात होतं, हे मला नंतर कळलं. मी घरात थोरली. चरबीत साठलेलं डीडीई आईच्या दुधातून उतरतं, आणि पहिल्या बाळाच्या वाट्याला जास्त येतं. पाजता पाजता आईच्या अंगातलं कमी होतं, पुढच्या भावंडाला कमी मिळतं. आईचं दूध म्हणून टाकाऊ ठरत नाही, कुणी तसं समजू नये. त्याला तोड नाही. पण आई अण्णांचे खाकी कपडे नदीवर आपटून धुवायची, त्या पाण्यात गुडघाभर उभी राहायची, आणि घरी येऊन मला पदराखाली घ्यायची. तिच्या अंगातलं ओझं थोडं मी हलकं केलं असेल. याचं काय करावं ते मला कळत नाही. कधी कधी, विचित्र वाटेल, पण मला त्यात थोडं समाधानही वाटतं.

शेतात आमच्याकडे विष हा शब्दच नाही. औषध म्हणतात. टोमॅटोला औषध मारलं, उद्या औषधाची पाळी आहे, औषधाचा पंप कुठे ठेवलाय. आणि कुणी जीव दिला तरी तेच: त्याने औषध घेतलं. २०१७ साली यवतमाळकडे फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले तेव्हा पेपरांत विष हा शब्द मोठ्या अक्षरांत आला. ती औषधं वेगळी, नसांवर झडप घालणारी. दोन दिवसांत माणूस जातो आणि सगळ्यांना दिसतं. चरबीत घर करणारी औषधं अशी दिसत नाहीत. घरी कणगीतल्या भातात गॅमॅक्झिन टाकायचे, पत्र्याचा डबा होता भोकं पाडलेला. शेतीत डीडीटी १९८९ साली बंद झालं, बीएचसी म्हणजे ते गॅमॅक्झिन १९९७ साली. मग भाऊ टोमॅटोवर एन्डोसल्फान मारायचा. ते सुप्रीम कोर्टाने मे २०११ मध्ये थांबवलं, तेही केरळात कासरगोडच्या काजूच्या बागांखालची माणसं रस्त्यावर आली, कोर्टात गेली, तेव्हा.

कासरगोडच्या पाद्रे गावातल्या मुलांबद्दलचा अहवाल मी भावाला वाचून दाखवला होता. त्या टेकड्यांवर वीसेक वर्षं हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान फवारलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथली दहा ते एकोणीस वयाची ११७ मुलं तपासली, आणि फवारणी नसलेल्या गावातली ९०. २००३ साली निष्कर्ष छापून आले. पाद्रेच्या मुलांचं वयात येणं लांबलं होतं, पुरुषी हार्मोन कमी होतं, आणि मेंदू मात्र ते हार्मोन तयार करा असा निरोप जोरजोरात पाठवत होता. भाऊ ऐकत होता. त्याचा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा, समोर अंगणात क्रिकेट खेळत होता. भावाने त्याला हाक मारली. तो आला तर म्हणाला, "काही नाही, जा खेळ." त्या हंगामानंतर औषधाच्या दिवशी त्याने पोराला मळ्यात येऊ दिलं नाही. बाकी तो तरी काय करणार होता. टोमॅटोच्या भावावर घर चालतं.

म्हणून त्या दिवशी मी हात ओढला. एवढं सगळं त्या एका झटक्यात होतं, आणि आईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की नवऱ्याच्या अक्षरावर ठेवलेला हात लेकीने घाण लागल्यासारखा बाजूला केला. खरं तर हात धुऊन जाण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तिच्या अंगात जे जायचं ते पन्नास वर्षांपूर्वी गेलं, दुधातून जेवढं निघायचं तेवढं निघालं. रात्री जेवणं झाल्यावर मी तिच्या शेजारी अंथरूण घातलं आणि सांगायला सुरुवात केली. डीडीटी, चरबी, हाका मारणारी रसायनं. आत्याच्या पुडीपाशी येऊन मी थांबले. आई अंधारात म्हणाली, "मला तो वास आवडायचा." मी म्हटलं, मलापण. मग बराच वेळ दोघी गप्प. ती झोपली असं समजून मी कूस वळवली तर म्हणाली, "ह्यांनी कुणाचं वाईट केलं नाही." मी तिचा हात धरला. हात अजून साबणाच्या वासाचा होता.

मला पुण्याला परतावं लागलं. भिंतीचा तो तुकडा कापून ठेवता येईल का असं भावाला विचारलं होतं, पण मातीची भिंत, उचलताना भुगा होणार, हे दोघांनाही माहीत होतं. मी फोनवर त्याचा फोटो काढून घेतला. 'ड'ची शेपटी त्यात नीट आली आहे, आणि खालच्या कोपऱ्यात आईच्या बोटाने पुसलेली रेघ.

पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. आंब्याच्या लोणच्याबद्दल बोलली, भावाच्या सुनेच्या डोहाळ्यांबद्दल बोलली, मग सहज सांगितल्यासारखं म्हणाली, "काल पडवी पाडली."

मी विचारलं, तू तिथेच होतीस का.

"होते की. गवंड्याच्या हाताखाली एक पोरगी आहे, तिचं सहा महिन्यांचं लेकरू. झोळी बांधली होती तिने अंगणात, नेमकी त्या भिंतीच्या अंगाला. सगळा धुरळा झोळीवर. मी म्हटलं सोड ती झोळी आधी, आणि मागं जांभळीला बांध. ऐकेना, तिथून दिसत नाही म्हणे. मग मीच बसले जांभळीखाली झोका देत, दुपारपर्यंत. मधल्या सुट्टीत ती पाजायला आली, तर तिला म्हटलं, आधी हात धू. साबणाने धू."